तथागतांचे स्वकीय

वर्धा शहरापासून पाच मैलांवर सेवाग्राम आहे. सन १९४७ च्या जूनच्या ४ तारखेस तेथील आश्रमात सत्तरी ओलांडलेल्या एका पंडिताने शांतपणे देह ठेवला. आदल्याच दिवशी, ३ जूनला, देशाच्या फाळणीची योजना जाहीर झाली होती. साऱ्या देशाचे कान नभोवाणीकडे व डोळे वर्तमानपत्रांकडे लागले होते. त्या गदारोळात, सुमारे महिनाभर अन्न वर्ज्य करून मृत्यूची वाट पाहणाऱ्या या वृद्धाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, यात नवल नव्हते. ५ जूनच्या सायंप्रार्थनेनंतर महात्माजींनी दिल्लीत त्यांचे स्मरण केले. आणि स्वतःचा डंका न पिटता आयुष्यभर काम करणारी माणसे समाजाच्या नजरेआड कशी राहून जातात, याविषयी खंत व्यक्त केली. ज्यांचे हे स्मरण होते ते पंडित म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी.

गोव्यातील साखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. नारळीच्या बागा व शेती सांभाळणाऱ्या या तरुणाच्या हाती मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकातील बुद्धचरित्रावरचा लेख पडला, आणि त्या एका लेखाने त्याचे जीवित पार बदलून टाकले. सन १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरात तरुण पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता अशी पायपीट करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशात ध्यानाभ्यास केला आणि पाली भाषेतील बौद्ध वाङ्मय मूळ स्वरूपात आत्मसात करून ते महाराष्ट्राच्या दारी आणून ठेवले. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ मराठीतील बुद्धचरित्राचा पाया मानला जातो.

ज्याने बुद्धासाठी घर सोडले, त्याच्या मनात बुद्धाने सोडलेल्या घराचा विचार आल्यावाचून राहील काय? सिद्धार्थ बोधिवृक्षाखाली बसला, त्याला संबोधी प्राप्त झाली, जगाला मार्ग मिळाला. हे सर्व खरे. परंतु कपिलवस्तूत मागे राहिलेल्या वृद्ध पित्याचे, दूध पाजून वाढविणाऱ्या मावशीचे, पत्नीचे आणि पुत्राचे पुढे काय झाले? चुलतभावांचे काय झाले? सारथ्याचे काय झाले? बुद्धाचे आप्त असणे हे त्यांना तारक ठरले की मारक? हा प्रश्न भाविकतेचा आहे तसाच इतिहासाचाही आहे. बौद्ध परंपरेने तो टाळलेला नाही. प्रत्येक आप्ताची गती तिने नोंदवून ठेविली आहे, आणि त्या नोंदी एकत्र मांडल्या म्हणजे त्यांतून एक मोठा विचार हाती लागतो.

प्रथम पित्याची गोष्ट घ्यावी. पुत्र बुद्ध झाला, तो राजगृहात आहे, हे कळल्यावर शुद्धोदनाने त्याला आणण्यासाठी एकामागून एक नऊ अमात्य पाठविले. प्रत्येक जण धर्म ऐकून भिक्षू झाला आणि निरोप सांगण्याचेच विसरला, असे जातककथांच्या प्रस्तावनेत वर्णन आहे. अखेर दहावा, सिद्धार्थाचा समवयस्क बालमित्र काळुदायी, भिक्षू होऊनही शब्दाला जागला. वसंत ऋतू येताच त्याने वाटेतील वनश्रीचे असे वर्णन केले की भगवंत कपिलवस्तूला येण्यास निघाले. साठ योजनांची ती वाट दररोज एक योजन याप्रमाणे दोन महिन्यांत त्यांनी चालून पार केली.

दुसऱ्या दिवशी पुत्र भिक्षापात्र घेऊन आपल्याच नगरीत दारोदार हिंडू लागला. खिडकीतून ते राहुलमातेने पाहिले व श्वशुरांना कळविले. शुद्धोदन धावत रस्त्यावर आला. क्षत्रियाच्या कुळात भीक मागण्याची रीत नाही, असे तो लज्जेने म्हणाला. भगवंतांचे उत्तर असे की, ते तुमचे कुळ झाले. माझे कुळ पूर्वीच्या बुद्धांचे, आणि त्या कुळाची रीत हीच आहे. पित्याचा अभिमान त्या एका उत्तराने दुखावला व त्याच उत्तराने त्याचे डोळेही उघडले. अट्ठकथांच्या मते शुद्धोदन त्या भेटीत मुक्तिमार्गाची पहिली पायरी चढला, पुढे एकेक पायरी ओलांडीत गेला आणि मरणशय्येवर श्वेतच्छत्राखाली पडल्या पडल्याच अर्हत्पदाला पोहोचला. घर न सोडता, काषाय वस्त्रे न घेता हा पिता मुक्त झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तथापि त्या मार्गात त्याला मोठे दुःख भोगावे लागले. त्या भेटीच्या दिवसांतच शुद्धोदनाचा दुसरा पुत्र नंद याचा विवाह व्हावयाचा होता. भगवंतांनी आपले पात्र नंदाच्या हाती दिले व ते विहाराकडे चालू लागले. आदरामुळे नंदाला पात्र परत घ्या असे म्हणवेना. वधूने मात्र वरून पाहिले आणि लवकर परत यावे असे विनविले. नंद परतला नाही. विहारात गेल्यावर त्याचे मुंडन झाले. मग सातव्या दिवशी राहुलाच्या आईने मुलाला सजविले आणि, ‘तो श्रमण तुझा पिता आहे, त्याच्याकडे जाऊन तुझा वारसा माग,’ असे सांगितले. मूल मागोमाग गेले. त्याने वारसा मागितला. भगवंतांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. पित्यापाशी देण्यासारखे दुसरे धन नव्हते.

हे ऐकून शुद्धोदन व्याकुळ झाला. विनयपिटकात त्याचे बोलणे नोंदलेले आहे. भगवंत घर सोडून गेले तेव्हा दुःख झाले, नंद गेला तेव्हाही झाले, पण राहुल गेल्यावर ते दुःख असह्य झाले. पुत्रप्रेम कातडी, मांस व स्नायू चिरीत हाडांच्या मज्जेपर्यंत जाते, असा त्या बोलण्याचा आशय आहे. एवढे सांगून त्याने एकच वर मागितला. आईबापांच्या अनुमतीवाचून यापुढे कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ते मान्य केले व तसा नियम घातला. आजही संघात प्रवेश देताना आईबापांची अनुमती आहे काय, असा प्रश्न विचारतात. अडीच हजार वर्षे चालत आलेला हा प्रश्न एका आजोबाच्या अश्रूंतून निर्माण झाला आहे. संघाच्या घटनेत घराने उमटविलेली ही पहिली मुद्रा होय.

राहुलाची पुढील वाटचाल वारशाला शोभेशी झाली. मुलाला पहिला पाठ मिळाला तो सत्याचा. पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, ते सांडून, भांडे उपडे करून भगवंतांनी त्याला सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व असेच थोडे, असेच सांडलेले आणि असेच रिकामे असते. या उपदेशाचे महत्त्व किती होते, हे अशोकाच्या भाब्रू येथील लेखावरून दिसते. भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांनी वारंवार ऐकावीत अशी जी थोडी प्रवचने अशोकाने नावानिशी सांगितली, त्यांत राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश आहे. पुढे श्रावस्तीजवळील अंधवनात राहुल अर्हत् झाला. शिकण्याची हौस असणाऱ्यांत तो अग्रगण्य, अशी भगवंतांनी त्याची गणना केली. बुद्धपुत्र म्हणून त्याला कोणतेही आसन मिळाले नाही. विद्यार्थी म्हणून मात्र पहिले मिळाले.

आणि राहुलाची आई? प्राचीन विनयग्रंथ तिला केवळ राहुलमाता म्हणून ओळखतात; यशोधरा, भद्दकच्चाना इत्यादी नावे तिला इतर ग्रंथांतून मिळाली आहेत. भगवंत घरी आले तेव्हा सर्व स्त्रिया वंदनास गेल्या, ती गेली नाही. माझ्या ठायी काही गुण असेल तर आर्यपुत्रच माझ्याकडे येतील, असे ती म्हणाली. या मानिनीकडे भगवंत दोन अग्रश्रावकांसह स्वतः गेले आणि तिला वाटेल तसे वंदन करू द्या, कोणी अडवू नका, असे त्यांनी आधीच बजावले. तिने त्यांचे पाय धरून त्यांवर मस्तक ठेविले. शुद्धोदनाने सांगितले की, आपण काषाय वस्त्रे घेतल्याचे कळताच हिनेही घेतली. आपण एकभुक्त झाल्याचे कळताच हीही झाली. म्हणजे अरण्यात एक तप चालले होते तेव्हा घरातही एक तप चालले होते. पुढे ती भिक्षुणी झाली आणि महान अभिज्ञा प्राप्त झालेल्या भिक्षुणींत तिची गणना झाली, असे अट्ठकथाकार म्हणतात.

परंतु स्त्रियांना हा मार्ग सहजासहजी खुला झाला नाही. तो महाप्रजापती गोतमीने खुला करून घेतला. मायादेवी सातव्या दिवशी वारली. तेव्हापासून सिद्धार्थाला वाढविणारी आई हीच. तिने कपिलवस्तूत तीन वेळा प्रव्रज्या मागितली व तिन्ही वेळा नकार मिळाला. मग तिने केस कापले, काषाय वस्त्रे नेसली आणि अनेक शाक्य स्त्रियांसह ती वैशालीपर्यंत पायी चालत गेली. सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने ती विहाराच्या दाराबाहेर रडत उभी राहिली. तेथे आनंदाने तिला पाहिले आणि तिची बाजू घेतली. स्त्रिया अर्हत् होऊ शकतात की नाही, हा त्याचा प्रश्न होता. होऊ शकतात, असे उत्तर मिळताच त्याने दूध पाजणाऱ्या मावशीच्या उपकारांची आठवण दिली. भिक्षुणीसंघाची स्थापना अशी झाली. त्या वेळी घातलेल्या आठ कडक अटी प्रत्यक्ष बुद्धाच्या की नंतरच्या भिक्षूंनी घुसडलेल्या, याची चर्चा विद्वानांत झाली आहे. धर्मानंदांचा कौल त्या मागाहून घातल्या गेल्या, असाच होता. गोतमी अर्हत् झाली आणि थेरींच्या गाथांत तिचीही गाथा आहे. तिची कन्या सुंदरीनंदा केवळ आप्तांच्या ओढीने संघात आली होती. रूपाचा गर्व गळाल्यावर तीही पार पडली.

नंदाची कथा याहून मानवी आहे. वस्त्रे काषाय, पण मन निरोप देणाऱ्या वधूपाशी. अशी त्याची कित्येक दिवस अवस्था होती. भगवंतांनी त्याला स्वर्गातील अप्सरा दाखविल्या व ब्रह्मचर्य पाळलेस तर या मिळतील, असे आश्वासन दिले. तो पाळू लागला. सोबतचे भिक्षू त्याला मजुरीवर ठेवलेला गडी म्हणून हिणवू लागले. त्या लाजेने तो खराखुरा साधक झाला, आणि अर्हत् होताच स्वतःच भगवंतांकडे जाऊन त्यांना त्या वचनातून मोकळे केले. पुढे अश्वघोषाने या कथेवर ‘सौंदरनंद’ हे संस्कृत महाकाव्य रचले.

या ठिकाणी महाराष्ट्राचा संबंध येतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात नंदाची कथा चितारलेली आहे. नंदाचा मुकुट परत आलेला पाहून मूर्च्छित होणारी त्याची पत्नी तेथे आहे. पुष्कळ काळ लोक तिला मरणोन्मुख राजकन्या असे म्हणत. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेले विशाल बुद्ध आणि त्यांच्यापुढे लहानसे दिसणारे आई व मूल, म्हणजे यशोधरा व राहुल, यांचे चित्र आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ही लेणी वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशीमच्या, शाखेतील हरिषेणाच्या काळची असून सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने कोरविले. याच वाकाटकांच्या थोरल्या शाखेची राजधानी प्रवरपूर. ते वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे पवनार होय, असे मत महामहोपाध्याय मिराशी यांनी मांडले. रामटेकजवळचे मनसर तेच, असेही मत पुढे मांडले गेले. ते काही असो. विदर्भाच्या या राजवंशाच्या काळात बुद्धकथेतील जो प्रसंग चित्रकारांनी मोठ्या प्रेमाने रंगविला, तो त्याने मागे ठेवलेल्या माणसांचा होता. ज्या वर्षावासात भिक्षू त्या लेण्यांतून राहत, त्या वर्षावासात रोज त्यांच्या दृष्टीस ती मूर्च्छित वधू आणि ते वारसा मागणारे मूल पडत असे.

आता चुलतभाऊ व सेवक यांच्याकडे वळावे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल व देवदत्त हे शाक्य कुमार एकत्र निघाले. त्यांच्या सोबत उपाली नावाचा न्हावी होता. कुमारांनी अंगावरचे अलंकार उपालीला देऊन त्याला परत पाठविले. अलंकार घेऊन आपण एकटे परतलो तर शाक्य आपल्याला जिवंत सोडणार नाहीत, असे मनात येऊन उपालीने ते गाठोडे झाडाला टांगले आणि तोही मागे आला. तेव्हा कुमारांनीच विनंती केली की, आम्ही शाक्य फार अभिमानी आहोत; आधी याला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला याला वंदन करावे लागेल. तसेच झाले. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत संपूर्ण विनय सांगण्याचा मान या न्हाव्याला मिळाला. त्याचे भाऊबंद नव्हे, तो.

उलट चुलतभाऊ देवदत्त! त्याला ऋद्धी मिळाली, मान मिळाला, राजपुत्र अजातशत्रूचा आश्रय मिळाला, आणि त्यानेच त्याचा घात झाला. संघाचे नेतृत्व आपल्याकडे द्यावे, अशी त्याने मागणी केली. ती फेटाळली गेल्यावर त्याने भगवंतांच्या जिवावर घाला घातला व शेवटी संघात फूट पाडली. त्याची अधोगती झाली, असे परंपरा सांगते. छन्न सारथ्याची गोष्ट लहान असली तरी तीच खूण पटविते. महाभिनिष्क्रमणाच्या रात्री सोबत असलेला हा सेवक भिक्षू झाल्यावर, बुद्ध माझा, धर्म माझा, अशा घमेंडीत कोणाचे ऐकेना. परिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी त्याला ब्रह्मदंड द्यावा, म्हणजे कोणी त्याच्याशी बोलू नये, असे सांगून ठेविले. कौशांबीत आनंदाने तो निरोप सांगताच छन्न मूर्च्छित पडला. मग मात्र त्याचे मन ठिकाणावर आले, एकांतात अभ्यास करून तो अर्हत् झाला, आणि दंड आपोआप संपला.

सर्वांत जवळचा होता आनंद. पंचवीस वर्षे तो सावलीसारखा भगवंतांच्या मागे होता. त्याने जेवढे ऐकले तेवढे दुसऱ्या कोणीच ऐकले नाही. तरीही भगवंतांच्या निर्वाणसमयी तो मुक्त नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून तो लहान मुलासारखा रडत होता. राजगृहाच्या संगीतीसाठी चारशे नव्याण्णव अर्हत् निवडले गेले आणि एक जागा त्याच्यासाठी रिकामी ठेवण्यात आली. संगीतीच्या आदल्या रात्री त्याने अहोरात्र खटपट केली. पहाटे थकून तो आडवा झाला; पाय जमिनीवरून उचललेले, मस्तक अजून उशीला टेकलेले नाही, अशा त्या क्षणी त्याचे चित्त मुक्त झाले. पंचवीस वर्षांचा सहवास जे देऊ शकला नाही, ते अखेरीस त्याचे त्यालाच मिळवावे लागले.

या सर्व कथा शेजारी शेजारी ठेविल्या की परंपरेचा निर्णय स्पष्ट दिसतो. बुद्धाचे आप्तपण ही मुक्तीची सनद नव्हे आणि तिच्या आड येणारी भिंतही नव्हे. रक्ताच्या नात्याने देवदत्त वाचला नाही, आणि नाते नसल्याने उपाली मागे राहिला नाही. मात्र म्हणून नात्याची किंमत शून्य होती, असे नव्हे. कोसलच्या विडूडभाने शाक्यांवर सैन्य नेले तेव्हा भगवंत सीमेवर एका विरळ पानांच्या झाडाखाली जाऊन बसले, आणि दाट छायेचे झाड सोडून येथे का, असे विचारल्यावर, आप्तांची छाया शीतल असते, असे म्हणाले. तीन वेळा त्यांनी ते सैन्य परतविले. चौथ्या वेळी ते गेले नाहीत आणि शाक्यांचा संहार झाला. स्वकीयांचे कर्म भोगून संपविणे बुद्धालाही शक्य झाले नाही. या कथेत जी वेदना आहे ती टीकाकारांनी लपविलेली नाही.

असे असताना मूळ प्रश्न उरतोच. मध्यरात्री निजलेल्या पत्नीकडे व मुलाकडे पाहून निघून जाणे, हे कितपत न्याय्य? धर्मानंदांनी या प्रश्नाला ग्रंथांच्या आधारे उत्तर शोधले. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले, ही कथा पूर्वीच्या विपस्सी बुद्धाच्या चरित्रातून उचललेली आहे, असे त्यांनी दाखविले. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात आईबाप रडत असताना, त्यांच्या समक्ष, आपण घर सोडले, असे स्वतः भगवंत सांगतात. आई म्हणजे अर्थात् गोतमी. तेव्हा रात्रीच्या पलायनाची कथा इतिहास नव्हे. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्तावरून गृहत्यागाचे कारण शस्त्रधारणेचा वीट हे असावे, आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याची त्याला पार्श्वभूमी असावी, असे त्यांनी मांडले. ‘बोधिसत्त्व’ नाटकातही त्यांनी हीच दृष्टी ठेविली. सन १९५७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धचरित्रातही हा पाण्याचा तंटा आहे, आणि तेथे यशोधरा धीराने संमती देते. म्हणजे नव्या काळाच्या या अभ्यासकांनी घरच्या माणसांना केवळ सोडून दिलेली माणसे न मानता निर्णयात सामील असलेली माणसे मानले.

धर्मानंदांच्या स्वतःच्या जीवितात तर या प्रश्नाचे आणखी एक उत्तर आहे. सन १९०६ मध्ये चीवर उतरवून ते संसारात परतले. सन १९०७ मध्ये पुत्र दामोदर याचा जन्म झाला. तोच पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी सन १९१२ पासून १९१८ पर्यंत पाली शिकविली. त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठातील ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा दामोदर व माणिक या मुलांना बरोबर घेऊन गेले. सन १८९९ मध्ये पाळण्यात सोडून दिलेली मुलगी ती हीच माणिक. शिक्षणाचा वारसा तिला पित्याच्या हातून असा मिळाला. पुढे धर्मानंद सन १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, सन १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उघडून राहिले, आणि देह जर्जर झाल्यावर शेवटी सेवाग्रामला आले. दुसऱ्यावर भार होऊन जगू नये, या विचाराने त्यांनी आधी संयुक्त प्रांतात अन्नत्याग आरंभिला होता. तो महात्माजींच्या आग्रहाने सोडला. सेवाग्रामला मात्र तो पुरा झाला.

ज्या आश्रमात हे घडले, तेथील प्रार्थनेचा आरंभ एका जपानी मंत्राने होतो, ही गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. जपानचे भिक्षू निचिदात्सु फुजी सन १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन महात्माजींना भेटले. त्यांचे शिष्य पुढे आश्रमात राहिले. महायुद्धात जपान उतरल्यावर तेथील जपानी भिक्षूला पोलिसांनी नेले. पण तो डफ वाजवीत म्हणत असे तो मंत्र त्याची आठवण म्हणून प्रार्थनेत राहिला. ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा तो मंत्र, आणि त्याचा अर्थ ‘सद्धर्मपुंडरीक सूत्रास नमस्कार’ असा आहे. या महायान सूत्राचे कुमारजीवाने सन ४०६ मध्ये चिनी भाषांतर केले आणि त्यावर तेराव्या शतकात जपानमध्ये निचिरेनाचा पंथ उभा राहिला.

त्या सूत्रात आहे तरी काय? त्यात भगवंत आपल्या स्वकीयांचे अंतिम भवितव्य सांगतात. राहुल बुद्ध होईल. आनंद बुद्ध होईल. इतरांची नावे घेतली, माझे घेतले नाही, अशा खिन्न मुद्रेने गोतमी पाहत असते. तिला भगवंत विचारतात की, तू अशी का पाहतेस? आणि तिलाही बुद्धत्वाचे आश्वासन देतात, पाठोपाठ यशोधरेलाही देतात. एवढेच नव्हे, ज्याने जिवावर घाला घातला तो देवदत्तही पुढे देवराज नावाचा बुद्ध होईल, असे त्यात सांगितले आहे. पाली परंपरेने आप्तांना ज्याच्या त्याच्या प्रयत्नाने मुक्त होऊ दिले. या सूत्राने तर घरातील एकही माणूस बाहेर ठेविले नाही, आणि घराबाहेर पडलेला वैरीही आत घेतला.

धर्मानंदांची बुद्धी पालीच्या शिस्तीत वाढलेली. पुराणकथांतून इतिहास चाळून काढणे हेच त्यांचे व्रत. पण त्यांच्या अखेरच्या दिवसांत सेवाग्रामच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ ज्या सूत्राचा नमस्कार उच्चारला जात होता, ते सूत्र बुद्धाच्या पत्नीला, आईला, मुलाला आणि शत्रूला एकाच पंक्तीत बसविणारे होते. आज वर्ध्यात गीताई मंदिराजवळ फुजी गुरुजींच्या प्रेरणेने उभारलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे. त्याच्या चार दिशांना चार सोनेरी बुद्धमूर्ती आहेत. तेथून सेवाग्राम जवळच आहे आणि पवनारही जवळच. या एवढ्या टापूत बुद्धाच्या घराची कथा तीन वेळा सांगितली गेली आहे: एकदा वाकाटकांच्या काळच्या कुंचल्याने, एकदा जपानी भिक्षूच्या मंत्राने, आणि एकदा गोव्याच्या एका पंडिताच्या आयुष्याने.

तिन्ही वेळा सार एकच निघते. सत्याच्या शोधात निघालेल्या माणसाने जे मिळविले ते परत येऊन घरच्यांच्या ओंजळीत घालणे हे त्याचे ऋण आहे. आणि ते घेणे, पचविणे व त्याने पार पडणे हे ज्याचे त्याचे काम आहे. राहुलाला वारसा मिळाला, परंतु तो त्याला शिकावा लागला.